सगळ्या चौकोनांत टिक, पंगतीत भाकरी नाही

॥ भैरवनाथाची कृपा असावी, निदान यापुढं तरी ॥

मु. आमची वाडी, अवसरी बुद्रुकच्या अलीकडं
काला झाल्यानंतरचा दुसरा सोमवार

ती. चिमाबाई आत्या,

तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा आदेश पाया पडतो. (लांबूनच पडतो. जवळ आलो असतो तर हातातल्या काठीचा तुम्ही काय उपयोग केला असता ते मला ठाऊक आहे.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी पायऱ्या चढू नका म्हणून बजावलेलं असताना तुम्ही कुरडया राखायला गच्चीवर जाता असं कानावर आलंय. कुरडया कावळ्यांनी नेल्या तर नेऊ द्यात, गुडघा एकच आहे. (दुसराही आहे म्हणा, पण तोही तुम्ही कधीपासून धरूनच चालता.) मामांचा खोकला थांबला का? आमच्याकडं तुमचे बंधू दादा ठीक, गाय ठीक, वासरू ठीक. आई ठीक आहे, पण माझ्याशी कामापलीकडं बोलत नाही. आणि मी, आत्या, अजिबात ठीक नाही.

तुम्ही म्हणाल, फोन सोडून हा कागद कशाला? कारण मी फोन हातात घेतला की आई काम थांबवून माझ्याकडं नुसती बघत बसते, आणि ते बघणं सोसत नाही. म्हणून दादांच्या जुन्या पेनानं लिहितोय. मंचरच्या रहमतुल्लाभाईंचा टेम्पो बुधवारी मांडवाचं सामान घेऊन आळेफाट्याला निघालाय, तिथनं ते वाकडी वाट करून पिंपरी पेंढारला तुमच्या हातात पत्र देतील. सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी तुम्ही गुडघ्यापायी येऊ शकला नाहीत, तेव्हा काय झालं ते गावाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून अळणीच कळू द्या. तुम्ही आणलेलं स्थळ होतं. तेजस्विनीचं. आणि ते लोक जाताना ‘कळवतो’ म्हणून गेलेत.

तर त्या ॲपची गोष्ट. त्याचं नाव लिहीत नाही, आमच्या घरात ते नाव काढायला बंदी आहे आणि आई आत्ता माझ्या मागंच शेंगा फोडत बसलीय. चाकणला कंपनीत होतो तेव्हा तिथल्या एका साहेबाच्या फोनमध्ये ते पहिल्यांदा बघितलं. उघडलं की कोरं पान. त्यावर लिहा, तक्ता करा, फोटो चिकटवा, पानाच्या पोटात दुसरं पान घाला, त्याच्या पोटात तिसरं. एकट्यानं वापरा नाहीतर दहा जणांना त्यात घ्या. जसं वाकवाल तसं वाकतं. आत्या, जे वाकवाल तसं वाकतं त्याच्यापासून माणसानं चार हात लांब राहावं, मग ते ॲप असो की सोपानअण्णा. (सोपानअण्णा म्हणजे आमच्या सप्ताह समितीचे अध्यक्ष. त्यांच्याकडं येतोच.)

आधी मी ते फक्त स्वतःपुरतं वापरत होतो. टोमॅटोचं एक पान, गाईचं एक, आणि ‘आदेशचं आयुष्य’ असं एक. टोमॅटोच्या पानावर मी करपा रोगाची एवढी माहिती गोळा केली, डागाळलेल्या पानांचे फोटो लावले, फवारणीच्या तारखांना असे काही रंग दिले की कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, वा! आणि ते पान सजवता सजवता फवारणी राहिली. करपा आला तो हुबेहूब माझ्या फोटोतल्यासारखा आला, त्यामुळं ओळखायला वेळ लागला नाही, तेवढाच काय तो फायदा. दादा बांधावर उभे राहिले, झाडांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “आता फोनमदीच पिकव.” त्या वेळीच मी शहाणा व्हायला पाहिजे होतं.

‘आयुष्या’च्या पानावर मी माझ्या स्थळांचा तक्ता केला होता. गाव, स्थळ कुणी आणलं (बहुतेक ओळींत तुमचंच नाव आहे), ते काय म्हणाले, आणि नकाराचं कारण. कारणाच्या रकान्यात ‘शेती’ हा शब्द इतक्यांदा आला की पहिलं अक्षर टाकलं की फोन पुढचं आपणहून लिहायला लागला. एका ठिकाणी कारण ‘मुलगा चांगला आहे’ असं आहे, ते मला आजवर उमगलेलं नाही. आणि ‘काय म्हणाले’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: कळवतो. कळवतो म्हणालेल्यांतल्या एकानंही कधी काही कळवलेलं नाही. त्यानंतर तुम्ही तेजस्विनीचं स्थळ आणलंत. आळेफाट्याच्या पतसंस्थेत हिशेबाला जाणारी, शिकलेली, आणि ‘शेतकरी चालेल’ असं स्वतःच्या तोंडानं म्हणालेली मुलगी! आत्या, हे तुम्ही सांगितलंत त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. या वयात असं होतं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतोय.

तिच्या वडिलांचं एकच म्हणणं होतं, पोरगा चार माणसांचं काम अंगावर घेतो का ते बघू. त्यावर तुम्हीच म्हणालात ना, की मग काल्याच्या दिवशी महाप्रसादाला या, तिथं पोरगा कामातच दिसेल? म्हणून अर्धी चूक तुमची, असं आई म्हणते. (मी म्हणत नाही. मी पाव म्हणतो.) झालं! माझ्या डोक्यात वारं शिरलं. म्हटलं, या वर्षीचा सप्ताह असा करून दाखवायचा की तेजस्विनीच्या वडिलांनी तोंडात बोट घालावं. सरळ उठलो आणि समितीच्या बैठकीत ते ॲप काढलं. सोपानअण्णांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून विचारलं, “ह्यात काय काय मावतंय?” मी म्हणालो, “सगळं मावतंय अण्णा.” हे बोललो आणि तिथंच फसलो.

कारण दुसऱ्या दिवसापासून लोकांनी सगळं घातलं. मी पानाला ‘सप्ताह नियोजन’ असं नाव दिलं होतं. अण्णांनी वर त्यांच्या खिलारी बैलाचा फोटो लावला. कुणीतरी त्याखाली ट्रॅक्टर विकायला काढला. मग रोज सकाळी गुलाबाची फुलं, चहाच्या कपातून निघणारा सूर्य, तालुक्यातल्या पुढाऱ्यांचे वाढदिवस. कीर्तनकारांच्या राहण्याचं पान एकाच्या अंगठ्यानं पुसलं गेलं, अंगठा कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी रोज बसून फुलं उपटायचो. शेतात खुरपणी राहिली आणि फोनमध्ये चालू होती. आई एकदा जाता जाता म्हणाली, “एवढ्या येळात गोठा झाडून झाला आसता.” मी म्हणालो, आई, हे टीमचं काम आहे. ती म्हणाली, “मंग टीमला बोलीव गोठ्यात.”

आता भाकरीकडं येतो, आत्या. तुम्हाला माहेरची रीत माहीतच आहे. आमटी देवळापुढं मोठ्या कढयांत पुरुष करतात आणि भाकरी घराघरातून येते. त्याची रीत काय, तर काल्याच्या सकाळी भिकातात्या आळीआळीतून हाळी देत फिरणार, “भाकरी थापायला घ्या वंऽऽ!” की चुली पेटणार, आणि कीर्तन संपेपर्यंत पाट्याच्या पाट्या देवळात येणार. वर्षानुवर्षं हे चाललंय, कधी एक भाकरी कमी पडली नाही. आणि मी, शहाण्यानं, काय केलं? हाळी बंद केली. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला उन्हात हिंडवायचं? ॲपमध्ये प्रत्येक घराची आणि बाकीच्या प्रत्येक कामाची एक ओळ केली, ओळीपुढं चौकोन केला, आणि घरटी एका माणसाला फोनवर त्यात घेतलं. बैठकीत उभं राहून सांगितलं, आपलं काम झालं की चौकोनात टिक करा, टिक केली की ओळ हिरवी होते, तोवर लाल राहते. सगळे म्हणाले, हो हो. भिकातात्या तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बेस केलंस लेकरा, माझा घसा सुटला.”

संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळं पान हिरवं झालं. काला अजून आठ दिवसांवर, आणि भाकरी झाल्या, पाणी झालं, पत्रावळी झाल्या, वाढपी झाले! तुम्ही म्हणाल, आदेश, तुला तेव्हा तरी शंका यायला नको? आली. मी अण्णांना गाठून विचारलं, अण्णा, भाकरीचं कसं? ते म्हणाले, “झालंच समज.” आत्या, ही आपली माणसं. आपल्याकडं कुणी काम सांगितलं आणि समोरचा ‘बघतो’ म्हणाला तर तो अपमान, ‘करतो’ म्हणाला तरी जरा कोरडंच. खरा माणूस म्हणतो ‘झालं समजा’. आणि आपल्या नावापुढं लाल रंग, तोही चारचौघांत, शेजाऱ्याची ओळ हिरवी असताना? कोण सहन करील! तेव्हा ज्यानं त्यानं शब्द दिला म्हणून टिक केली. त्यांच्या मते टिक म्हणजे शब्द. माझ्या मते टिक म्हणजे भाकरी. अख्ख्या पानावर एकच ओळ लाल राहिली, कढया आणणाऱ्या रहमतुल्लाभाईंची, आणि काल्याच्या दिवशी पहाटे सगळ्यांत आधी आल्या त्या कढयाच. (मी त्यांना नंतर मोठ्या आदरानं विचारलं की तुम्ही टिक का नाही केलीत. म्हणाले, पासवर्ड विसरलो होतो.)

आणि मी त्या हिरव्या पानाचा काय उपयोग केला असेल? ते तेजस्विनीच्या वडिलांना पाठवलं. नुसता फोटो नाही, आत येऊन बघता यावं म्हणून दारच उघडून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांचं उत्तर आलं, “छान. पोरीलाही दाखवलं.” मी ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचत होतो.

काल्याचा दिवस उजाडला. कीर्तन लई रंगलं, दहीहंडी फुटली, आमटीचा वास पार ओढ्यापर्यंत गेला. पाहुणे आले. तेजस्विनी, तिचे वडील, आई. पंगत बसली, मी पाहुण्यांना पहिल्या ओळीत बसवलं. पत्रावळी पडल्या, द्रोण पडले, द्रोणात आमटी पडली. आणि मग पुढं काही पडेना. सगळी पंगत भाकरीची वाट बघत बसली. मी वाढप्यांकडं बघितलं, वाढप्यांनी अण्णांकडं, अण्णांनी माझ्याकडं. “भाकरी कुटंय?” मी म्हणालो, घराघरातून यायची आहे ना! अण्णा म्हणाले, “मंग घरी कुनी सांगितलं?” आत्या, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ॲपमध्ये घेतलेली सगळी माणसं पुरुष होती. ती सगळी पंगतीत बसली होती. आणि भाकरी थापणाऱ्या सगळ्या जणी, हाळी आली नाही म्हणून, या वर्षी समितीनं आचारी लावला असंल असं समजून, नव्या साड्या नेसून कीर्तन ऐकत बसल्या होत्या. आईसुद्धा. मी माझ्या ओळीवर पहिल्याच दिवशी टिक केली होती. म्हणजे माझ्याही घरी कुणी सांगितलेलं नव्हतं.

आईच्या ते आधी ध्यानात आलं. ती उठली, “चला गं बायांनो,” एवढंच म्हणाली, आणि बायकांचा सगळा घोळका पदर खोचत घरांकडं पळाला. इकडं पंगतीत माणसं किती वेळ हातावर हात ठेवून बसणार? त्यांनी द्रोण उचलून आमटी फुंकून फुंकून प्यायला सुरुवात केली. नुसती आमटी, ती पण आपली झणझणीत! तेजस्विनीचे वडील दोन द्रोण प्यायले आणि मग त्यांना जो ठसका लागला तो पाण्याच्या टाकीपर्यंत पुरला. (पाण्याची ओळ हिरवी होती. टाकी कोरडी होती. शेवटी शेजारच्या घरातून तांब्या आणला.) भाकरीची पहिली पाटी देवळात पोचली तेव्हा पाहुणे हात धुऊन माझ्याबरोबर आमच्या घराच्या वाटेला लागले होते.

घरी पाहुण्यांना ओट्यावर बसवलं. दादा बोलायला होते, पण आई तिकडं मागच्या अंगणात बाकीच्या बायकांबरोबर चुलीपुढं अडकलेली, कारण अजून तीन पंगती बसायच्या होत्या. तेव्हा चहा मी केला. तो कसा झाला ते लिहीत नाही. तेजस्विनीनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, “ते पान बघू का परत?” मी फोन दिला. तिनं वरपासून खालपर्यंत शांतपणे बघितलं, बैल बघितला, ट्रॅक्टर बघितला, आणि म्हणाली, “छान केलंय. पण ह्यात स्वयंपाक करणारं एकही माणूस दिसत नाही.” आत्या, यावर शहाण्या माणसानं काय करावं? गप्प बसावं. नाहीतर चूक झाली म्हणावं. मी काय केलं? तिच्या हातातून फोन घेतला आणि तिथल्या तिथं ‘स्वयंपाक करणारे’ असा एक नवा रकाना वाढवून दाखवला. ती हसली. का हसली, कशाला हसली, हे हसणं चांगलं की वाईट, यावर मी तेव्हापासून विचार करतोय आणि डोकं फुटायची वेळ आलीय. तिचे वडील हसले नाहीत. त्यांचा घसा अजून बसलेला होता. उठता उठता घोगऱ्या आवाजात म्हणाले, “बरंय पावणं, निघतो. कळवतो.”

कळवतो! त्याच संध्याकाळी तो शब्द माझ्या तक्त्यात आणखी एका ओळीत लिहिला. तेव्हापासून मी वाडीत तोंड दाखवत नाही. समितीनं माझ्यावर ठपका ठेवला नाही हे आणखीनच वाईट. अण्णा भेटतील तिथं म्हणतात, “आरं व्हतंय, पुढच्या साली बगू.” भिकातात्या घसा खाकरून पुन्हा तयारीला लागलेत. आई कामापुरतं बोलते. आणि मला, आत्या, खरं सांगतो, सप्ताहाचं काही वाटत नाही, टोमॅटोचंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक मुलगी स्वतः होऊन ‘चालेल’ म्हणाली होती आणि तिला मी उपाशी परत पाठवलं.

म्हणून पायावर डोकं ठेवून एकच मागणं आहे. तुम्ही एकदा त्यांच्या घरी जा. सांगा, पोरगा वेडा आहे पण वाईट नाही. ॲप सोडायला सांगितलं तर सोडतो म्हणावं. चाकणला परत नोकरी धर म्हणाले तर तीही धरतो, फक्त ते शेवटी सांगा, आधी नको. वडिलांच्या घशासाठी ज्येष्ठमध पुडीत बांधून पत्रासोबत पाठवलाय, तो द्या. मामांच्या खोकल्यालाही त्यातलाच थोडा काढून घ्या.

तुमचा,
हताश भाचा
आदेश

ता. क. अण्णांबद्दल वर जे लिहिलंय ते कुणाला वाचून दाखवू नका. त्यांच्या साडूचं घर तुमच्या आळीतच आहे.

ता. क. दुसरा. आत्या, पाकीट चिकटवणार एवढ्यात फोन वाजला. ते दार मी त्यांच्यासाठी उघडून दिलं होतं ना, ते बंद करायचं राहिलं होतं. तेजस्विनीनं आत येऊन समितीच्या पानावर, ट्रॅक्टरच्या खाली, लिहिलंय: “माझा होकार आहे. बाबांनाही पटवलंय, ते म्हणतात लग्नाचं जेवण मात्र आमच्याकडं ठेवा. फक्त एक विचारायचंय. तुमच्या आईंना मी पसंत आहे का? त्या काल्याच्या दिवशी दिसल्याच नाहीत.” मी होकारापर्यंत वाचलं आणि गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यात पडलो. पुढचं नंतर वाचलं. ते पान सगळ्या समितीला दिसतं हे त्याच्याही नंतर लक्षात आलं. तोवर गुलाबाची फुलं सुरू झाली होती, अण्णांनी बैलाला हार घातलेला फोटो टाकला होता आणि भिकातात्यांनी कुणी सांगितलेलं नसताना आळीतून हाळी दिली, “आदेशचं जमलं वंऽऽ!”

ता. क. तिसरा. आईनं ती हाळी स्वयंपाकघरात ऐकली. मी विचारायला आत गेलो तेव्हा ती पाठमोरी होती. म्हणालो, आई, तुला तेजस्विनी पसंत आहे ना? ती वळली आणि म्हणाली, “मी कुटं बगितलीया पोरगी? तुमी समदे वट्यावर बसून पोरगी बगत व्हता तवा मी मागं भाकरी थापत व्हते. गावाला हाळी गेली, मला इचारलं कुनी? मी बगितल्याबिगर माझा होकार न्हाई.” आणि डोळ्याला पदर लावला. आत्या, मी घरातला एकुलता एक, आणि एवढ्या दिवसांत हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला तिथं उभं राहवेना.

तेव्हा वरचं सगळं मागणं रद्द समजा. तेजस्विनीच्या घरी जा, पण दुसऱ्याच कामाला. येत्या रविवारी तिला घेऊन इकडं या. रहमतुल्लाभाईंना सांगून ठेवलंय, टेम्पोत पुढं तुम्हा दोघींना बसवून आणतील. होकार झाल्यावर मुलाच्या आईनं मुलगी बघायची, तीही आपल्या घरी बोलावून, असं कुठं रीतीत बसत नाही हे मला कळतं, पण तिच्या वडिलांना तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. रविवारी आई नवी साडी नेसून ओट्यावर बसणार आहे, कशालाही हात न लावता, आणि पाहिजे तेवढा वेळ मुलगी बघणार आहे. स्वयंपाक सगळा मी करणार असं मी तिला वचन दिलंय. आज सकाळी तिनं माझ्यापुढं चहा ठेवला.

ता. क. शेवटचा. आमटी जमेल. भाकरी कालपासून शिकतोय, गाईनंही तोंड फिरवलं. तेव्हा येताना तुमच्या हातच्या पंधरा-वीस भाकरी फडक्यात बांधून आणा, आणि मागच्या दारानं आत द्या. आईला मात्र त्या मीच थापल्या असं सांगायचं.